युद्धकाळ आठवणारी म्हातारी: अशी कादंबरी कोणत्या क्रमाने लिहावी

खिडकीशी बसलेली म्हातारी, हातात पिवळा पडलेला फोटो, बाहेर पाऊस. नात विचारते, "आजी, हा कोण गं?" आजीची नजर शून्यात जाते आणि पुढच्या पानावर बॉम्ब पडायला लागतात. त्यानंतर आजी तीनशे पानं गायब, ती थेट शेवटच्या प्रकरणात डोळे पुसायला परत येते.

युद्धकाळातल्या तरुणपणावरच्या कादंबऱ्यांचे खर्डे बरेचदा असेच येतात. भाषा बरी असते, अभ्यासही केलेला असतो. चुकतो तो कामाचा क्रम. लेखक आधी युद्धाची गोष्ट लिहितात आणि म्हातारी नंतर दोन्ही टोकांना चिकटवतात. मग ती निव्वळ चौकट होऊन बसते, आणि चौकट काढून टाकली तरी चित्राला काही होत नाही.

खालचा क्रम उलटा आहे. आधी म्हातारी, मग तिचं मौन, मग युद्ध. पहिले तीन टप्पे झाल्याशिवाय एकही प्रसंग लिहू नये, कितीही हात शिवशिवले तरी.

## १. वयाचं गणित

कागदावर तीन सालं लिहा: जन्माचं, घटनेचं आणि ती सांगते आहे ते. हे इतकं साधं आहे की कुणी करतच नाही. १९४० साली अठरा वर्षांची असलेली मुलगी २०२५ साली एकशे तीन वर्षांची होते. तरी खर्ड्यात ती जिने चढते, स्वतःची औषधं स्वतः आणते आणि नातीला अस्खलित चार तास गोष्ट सांगते.

यातून सुटायच्या दोन वाटा आहेत. सांगण्याचा काळ मागे न्या, म्हणजे १९८५ ते २००६ च्या आसपास. नाहीतर युद्ध बदला. १९७१ साली अठरा वर्षांची असलेली बाई २०२५ मध्ये बहात्तरची आहे, धडधाकट आहे आणि भांडूही शकते.

घटनेच्या वेळचं वयही नीट ठरवा, कारण युद्धात एकेका वर्षाने नशीब बदलतं. ब्रिटनमध्ये डिसेंबर १९४१ च्या कायद्याने वीस ते तीस वयाच्या अविवाहित स्त्रियांना सक्तीची युद्धसेवा लागू झाली. तिथे एकोणीस आणि वीस या दोन वयांत दोन वेगळ्या कादंबऱ्या आहेत. हिरोशिमात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे काढायच्या कामाला बारा-तेरा वर्षांच्या शाळकरी मुली लावल्या होत्या. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी त्यांतल्या हजारो उघड्यावर होत्या. तुमची नायिका सोळा वर्षांची असती तर कदाचित कारखान्याच्या छपराखाली असती.

पुढच्या टप्प्यांसाठी एक उदाहरण घेऊ. मुलगी रंगूनमधल्या भारतीय कुटुंबातली. जन्म १९२६. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी विमानं शहरावर आली तेव्हा वय पंधरा. सांगते आहे २००६ साली, वय ऐंशी. मुलगी १९५० ची, नात १९७८ ची, म्हणजे ऐकणारी अठ्ठावीस वर्षांची. गणित बसलं.

तपासा: सांगण्याच्या सालालाही स्वतःच्या वस्तू असतात. २००६ मधली नात व्हॉट्सॲपवर निरोप पाठवू शकत नाही, ते २००९ मध्ये आलं. युद्धाचे तपशील डोळ्यांत तेल घालून तपासणारे लेखक हमखास घसरतात ते या अलीकडच्या काळात.

## २. आजच का बोलते आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. साठ-पासष्ट वर्षं गप्प राहिलेली बाई आज तोंड का उघडते? "नात विचारते म्हणून" हे उत्तर चालणार नाही. नातवंडं आधीही विचारत होतीच. विचारायला निमित्त पुरतं, पण उत्तर द्यायला कारण लागतं.

खऱ्या आयुष्यात ही कारणं ठोस असतात. ब्रिटनमधल्या ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडायचं काम चाले, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. गुप्ततेच्या बंधनामुळे १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांनी नवऱ्यालाही काही सांगितलं नव्हतं. तिथे तोंड बंद ठेवलं ते कायद्याने, आणि कायदा सैल झाल्यावर बोलणं सुरू झालं. दक्षिण कोरियातल्या किम हाक-सुन यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, जपानी लष्कराने आपल्याला लैंगिक गुलामगिरीत ठेवलं होतं हे जाहीरपणे सांगितलं. त्याआधी जपान सरकारने लष्कराची जबाबदारी नाकारली होती, आणि त्या नकाराने त्यांना बोलतं केलं. जर्मनीत नाझी काळातल्या वेठबिगारांना भरपाई देण्यासाठी २००० साली प्रतिष्ठान उभं राहिलं, तेव्हा पूर्व युरोपातल्या कितीतरी वृद्ध स्त्रियांना आपण कुठे आणि कुणाकडे राबलो हे अर्जात लिहावं लागलं. त्यांतल्या अनेकींकडे कागद नव्हता, फक्त आठवण होती. एका अर्जाच्या रिकाम्या रकान्यातून अख्खी कादंबरी निघू शकते. फोटोच्या अल्बममधून निघणारीपेक्षा ती हजार पटींनी बरी.

आता चार प्रश्नांची उत्तरं लिहा. कुणाला सांगते आहे? आज काय बदललं? सांगून तिला काय हवं आहे? आणि काय सांगायचं टाळते आहे?

आमच्या उदाहरणात: तिचा दोन वर्षांनी धाकटा भाऊ नुकताच वारला. रंगूनहून पायी निघालेल्या कुटुंबाची हकिगत घरात सगळ्यांना पाठ आहे, आणि ती त्या भावानेच सांगितलेली: आई वाटेत पटकीने गेली. आजीला ठाऊक आहे की आईला रस्त्याच्या कडेला सोडून ते पुढे निघाले तेव्हा आई जिवंत होती. भाऊ होता तोवर त्याची लाज राखायला ती गप्प बसली. आता तो नाही. आणि नात मामेआजोबांवर चार ओळी लिहून द्या म्हणून कागद घेऊन समोर बसली आहे.

हे ठरलं की आजीचं प्रत्येक वाक्य जड होतं. ती हवापाण्यावर बोलत असली तरी वाचक कान टवकारतो.

इशारा: गुपित म्हणजे दर वेळी "हरवलेलं प्रेम" नव्हे. परदेशी सैनिक, न पोचलेलं पत्र, गुपचूप वाढवलेलं मूल हे सगळं वापरून वापरून गुळगुळीत झालं आहे. तिने काय सोसलं यापेक्षा तिने काय केलं, हे शोधा. जिने फक्त सोसलं तिच्यापाशी लपवण्यासारखं फारसं उरत नाही.

तपासा: हे वाक्य पूर्ण करता येतं का? "ती ... ला सांगते, कारण आता ..., पण ... सांगत नाही." एकाही रिकाम्या जागी "सगळं", "आयुष्य", "इतिहास" असा ढगळ शब्द आला तर टप्पा दोन अजून संपलेला नाही.

## ३. तीन रकान्यांची वही

आता वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिला: प्रत्यक्षात काय घडलं. दुसरा: तेव्हा तिला काय कळलं. तिसरा: आज ती काय सांगते. कादंबरी या तीन रकान्यांमधल्या फटींत असते. फक्त पहिला रकाना भरून बसणारे लेखक इतिहासाचं पुस्तक लिहून मोकळे होतात.

रंगूनचा पहिला हवाई हल्ला भरून पाहू.

पहिला रकाना: मंगळवार, २३ डिसेंबर १९४१, सकाळ. जपानी विमानं आली. लोक आसऱ्याला जायच्या ऐवजी विमानांची झुंज बघायला रस्त्यावर उतरले, आणि म्हणूनच मेलेल्यांचा आकडा इतका वाढला. २५ तारखेला पुन्हा हल्ला. शहरातली निम्म्याच्या आसपास वस्ती भारतीय होती. गोदीतले मजूर, हमाल, सफाईवाले शहर सोडून निघाले तशी बंदराची कामं ठप्प झाली. ८ मार्च १९४२ ला रंगून जपान्यांच्या हाती गेलं. काही लाख भारतीय बर्मा सोडून निघाले. आधी बरेचसे प्रोममार्गे ताउंगुपची खिंड ओलांडून किनाऱ्याकडे गेले, पुढे मंडाले, कलेवा, तामू करत मणिपूरकडे.

दुसरा रकाना: पंधरा वर्षांच्या मुलीला यातलं काय दिसलं? विमानं चांदीसारखी चकाकत होती. समोरचा दुकानदार हात वर करून मोजत होता. ती आपली आहेत की परकी, हे तिला ठाऊक नव्हतं. आईने ओरडून आत बोलावलं याचा तिला राग आला.

तिसरा रकाना: २००६ मध्ये आजी सांगते, "नाताळच्या दिवशी पहिला बॉम्ब पडला. मी आईला हाताला धरून आत ओढलं." दोन हल्ल्यांचा एक झाला. कुणी कुणाला ओढलं तेही फिरलं. या दुसऱ्या बदलात पुस्तकाचं मर्म आहे. जिने आईला रस्त्यावर सोडलं, तिच्या आठवणीत तीच आईला वाचवते आहे.

स्मृती अशी वागते हे लेखकाच्या सोयीसाठी रचलेलं नाही. इटलीतल्या तेर्नी गावात लुईजी त्रास्तुल्ली हा पोलाद कामगार १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीने मेला. मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी गावकऱ्यांना विचारलं, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ च्या कामगारकपातीच्या लढ्यात घडल्याचं सांगितलं. गावाला तो मृत्यू मोठ्या लढ्यात हवा होता, म्हणून आठवणीने त्याला तिथे नेऊन ठेवलं. चॅलेंजर अवकाशयान २८ जानेवारी १९८६ ला कोसळल्यावर अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांकडून "बातमी कळली तेव्हा कुठे होतात" हे दुसऱ्याच दिवशी लिहून घेतलं गेलं. दोन-तीन वर्षांनी तेच विचारलं तर अनेकांची उत्तरं साफ वेगळी निघाली, आणि खात्री मात्र पुरेपूर. म्हणजे ठामपणा हा खरेपणाचा पुरावा नाही. तुमची आजी ज्या वाक्यावर सगळ्यात ठाम आहे, नेमकं तेच चुकीचं असू द्या.

आणखी एक उपयोगी गोष्ट. म्हातारपणी माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सगळ्यात जास्त येतात, हे मानसशास्त्रात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यामुळे आजीला तरुणपण लख्ख आठवणं आणि पन्नाशीतली वर्षं धूसर असणं यात विसंगती नाही. तरुणपणाचा *सगळा* तपशील सारखाच लख्ख असणं मात्र खोटं वाटतं.

इशारा: अर्थ नसलेली चूक घालू नका. साल चुकवलंत आणि त्यातून काहीच निघालं नाही, तर वाचक ती चूक तुमच्या खात्यावर मांडेल. पुस्तकभर अशा मोजक्याच चुका ठेवा आणि प्रत्येकीचा छडा लागण्याची सोय पुस्तकातच करा: एखादं पत्र, भावाची वही, नातीला सापडलेली वर्तमानपत्रातली तारीख.

## ४. साहित्य गोळा करणं

तीन रकाने अर्धे भरले की मगच ग्रंथालयात जा. आधी गेलात तर मिळेल ते सगळं पुस्तकात कोंबाल.

यादी रणगाड्यांची करू नका, रोजच्या गरजांची करा. पाणी कुठून, उजेड कशाचा, पायात काय, केस कशाने धुतले, पाळी आली तर काय केलं. शेवटचा प्रश्न पुरुष लेखक तर विसरतातच, आणि आश्चर्य म्हणजे लेखिकाही विसरतात. लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने असंख्य स्त्रियांची पाळी बंद झाली. तिथे २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ या काळात काम न करणाऱ्यांना आणि मुलांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, आणि त्यातही भेसळ. हे दोन तपशील शेजारी ठेवले की वेढा म्हणजे काय ते सांगायला तोफा लागत नाहीत.

कागद वाचताना तो कुणी लिहिला हे आधी बघा. युद्धकाळातली वर्तमानपत्रं आणि पत्रं सेन्सॉरच्या हाताखालून गेलेली असतात. ब्रिटनमध्ये १९३७ मध्ये सुरू झालेल्या मास ऑब्झर्व्हेशन या प्रकल्पात सामान्य माणसांच्या रोजनिश्या जमवल्या, म्हणून तिथल्या गृहिणीचा मंगळवार आपल्याला कळतो. बर्मातून निघालेल्या लोकांबद्दलचं लिखाण बरंचसं गोऱ्या अधिकाऱ्यांचं आणि वाटेतल्या छावण्या चालवणाऱ्या चहामळेवाल्यांचं आहे. त्यात चालणाऱ्या भारतीय बाया "गर्दी" म्हणून येतात. त्या गर्दीतली एक जण तुमची नायिका आहे. तेव्हा त्या कागदातून रस्ता, चिखल, अंतर, रोगराई घ्या. नजर घेऊ नका. गोऱ्यांना बरी वाट आणि भारतीयांना खडतर, हा भेदही त्याच कागदांच्या कडेकडेने सापडतो.

खऱ्या वृद्ध स्त्रीशी बोलणार असाल तर:

- सकाळची वेळ घ्या आणि तासाभरात उठा. तिला दम लागलेला तुम्हाला उशिरा कळतो.
- "कोणत्या साली?" विचारू नका. "तेव्हा तुम्ही कुठे झोपायचात? दार कुठल्या बाजूला होतं?" असं विचारा. जागा आठवली की माणसं आपोआप येतात.
- पहिल्या बैठकीत येते ती वर्षानुवर्षं सांगून घोटलेली हकिगत. ती पूर्ण ऐका. कामाचं बोलणं दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत, बहुतेक वेळा चहाचा कप खाली ठेवताना निघतं.
- तिची चूक दुरुस्त करू नका. तो तुमचा तिसरा रकाना आहे.
- वापरायची परवानगी स्पष्ट शब्दांत घ्या आणि कादंबरीत ओळख पुरती बदला. घरातलीच आजी असली तरीही. घरातली असली तर जास्तच.

तपासा: कालविसंगतीची यादी दोन भागांत करा. एक वस्तूंची: खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला १९५४ मध्ये, आणि युद्ध चालू असताना पेनिसिलिन मुख्यतः सैन्याकडे जात होतं, गावच्या डॉक्टरकडे नव्हे. दुसरी, जास्त महत्त्वाची, माहितीची. १९४१ मधल्या मुलीला युद्ध १९४५ मध्ये संपणार हे ठाऊक नाही. कोण जिंकणार तेही नाही. "आता फक्त थोडेच दिवस" हे वाक्य ती शंभरदा म्हणू शकते आणि शंभरदा चुकू शकते. हिरोशिमात त्या सकाळी वाचलेल्या माणसाला आपल्यावर अणुबॉम्ब पडला हे माहीत नव्हतं. बहुतेकांना वाटलं, बॉम्ब आपल्याच घरावर पडला.

## ५. मधली साठ वर्षं

पंधरा आणि ऐंशी यांच्यामध्ये एक आख्खी बाई जगून गेली, याची आठवण ठेवा. प्रत्येक दशकाला दोन-तीन ओळी पुरतात: कुठे राहिली, कशावर पोट भरलं, कुणाशी अबोला धरला. यातलं पुस्तकात फार थोडं येईल. पण ते तुम्हाला ठाऊक नसेल तर ऐंशीची आजी म्हणजे पंधराच्याच मुलीला पांढरे केस लावल्यासारखी दिसते.

युद्धाने तिला लावलेली एखादी सवय या वर्षांमधून ओढत आणा. आमची आजी कुणालाही निरोप द्यायला दारापर्यंत येत नाही. घरचे म्हणतात, शिष्ट आहे.

## ६. सांधे

वर्तमानातून भूतकाळात जाताना बहुतेक खर्डे करकरतात. नेहमीचा सांधा असा असतो:

> आजीचे डोळे पाणावले. तिच्या डोळ्यांसमोर तो काळा दिवस लख्ख उभा राहिला. ती भूतकाळात हरवून गेली. तो १९४२ चा एप्रिल महिना होता...

यात तीन वाक्यं दरवाजा उघडण्यात गेली आणि चौथ्याने कॅलेंडर दाखवलं. हेच दुसऱ्या रीतीने:

> "बूट नवे का गं?"
> "कालच घेतले, आजी."
> "मग आज लांब जाऊ नकोस."
>
> तामूच्या अलीकडे आईने बूट काढून गळ्यात अडकवले. टाचांना कापड बांधलं होतं, ते चिखलाने कडक झालं होतं. धाकटा म्हणाला, फेकून दे ना. आई म्हणाली, पोचल्यावर काय घालू?

कुणाची नजर शून्यात गेली नाही. एक रिकामी ओळ आणि आपण तिथे. साल सांगितलं नाही, कारण तामू, चिखल आणि "पोचल्यावर" यांनी ते काम केलं. आणि पोचल्यावर घालायचे बूट गळ्यात घेऊन चालणारी आई पुढे पोचणार नाही, हे दुसऱ्या वाचनात कळतं.

सांध्याचे माझे नियम मोजकेच आहेत. उडी शरीरातून किंवा हातातल्या कामातून घ्या. विचारातून घेतलेली उडी लंगडते. प्रत्येक उडीला निमित्त हवंच असं नाही, सगळ्या वासांनी आणि सगळ्या गाण्यांनी आजी मागे जायला लागली तर ती आजी न राहता बटण होते. आणि परतीचा सांधा जाण्याच्या सांध्यापेक्षा महत्त्वाचा: भूतकाळातून परत आल्यावर वर्तमानात काहीतरी सरकलेलं असलं पाहिजे. तिने कागद बाजूला सारला, नातीवर खेकसली, खोटं बोलली. काहीच बदललं नाही तर तो प्रवास वाचकाने फुकट केला.

इशारा: तिरका टाइप वापरून पानंच्या पानं भूतकाळ छापू नका. डोळे शिणतात. वरच्या उदाहरणात आहे तशी एक रिकामी ओळ पुरते.

## ७. आवाज

दोन पर्याय चालतात. आजी स्वतः "मी" म्हणून भूतकाळ सांगते, किंवा भूतकाळ तृतीयपुरुषी आणि वर्तमान आजीच्या तोंडी. पहिल्यात तिसरा रकाना आपोआप येतो, पण आजीला जे माहीत नाही ते सांगता येत नाही. दुसऱ्यात मोकळीक आहे, पण मग "खरं" कोण सांगतंय हे वाचकाला पक्कं कळतं आणि संशयाची गंमत जाते. आमच्या उदाहरणाला मी पहिला घेईन. तिचं खोटं हेच पुस्तक आहे, तर ते तिच्याच तोंडून यावं.

नेहमीची चूक अशी की पंधरा वर्षांची मुलगी ऐंशीच्या शहाणपणाने विचार करते: "युद्धात जिंकत कुणीच नाही, हे मला त्या दिवशी उमगलं." उमगलं नाही. त्या दिवशी तिला भूक लागली होती आणि भावाने जास्त पाणी प्यायलं याचा राग आला होता.

उलटी चूक म्हणजे म्हातारीला म्हणींची पोतडी करणं. वृद्ध माणसं चिडकी, विनोदी, खोचक, हट्टी, देखणेपणाबद्दल अजून हळवी असतात. आजीला निदान एकदा क्षुद्र वागू द्या. मोलकरणीवर आळ घेऊ द्या, मेलेल्या भावाबद्दल वाईट बोलू द्या.

स्मृतिभ्रंश घ्यायचा असेल तर जपून. अल्झायमरमध्ये साधारणपणे आधी जातात त्या अलीकडच्या आठवणी. जुन्या बराच काळ टिकतात. सकाळचं जेवण विसरलेली बाई १९४२ ची वाट अचूक सांगू शकते. पण कथानकाला हवं तेव्हा विसरणारी आणि शेवटच्या प्रकरणात सगळं लख्ख आठवणारी आजी ही आजाराची थट्टा आहे.

## ८. गुपिताचं वेळापत्रक

लिहायला बसण्याआधी एकच पान काढा आणि त्यावर गुपिताचे तुकडे क्रमाने मांडा: वाचकाला पहिला संशय कधी, नातीला कधी, आणि आजी स्वतःशी कधी कबूल होते. तिन्ही वेळा वेगळ्या हव्यात, आणि वाचक नातीच्या थोडा पुढे असावा.

उलगडा शेवटच्या पानावर ठेवू नका. शेवटी ठेवलं की ते कोडं होतं, आणि कोडं सुटलं की पुस्तक मिटतं. साधारण दोन तृतीयांशावर आई जिवंत होती हे बाहेर येऊ द्या. मग उरलेल्या भागात खरा अवघड प्रश्न उभा राहतो: आता नात त्या चार ओळींत काय लिहिणार? घरच्यांना सांगणार का? आजीला अजून घास जाईल का? हीच पानं लिहायला लेखक कंटाळतात आणि वाचक मात्र त्यांचीच वाट बघत असतो.

वर्तमानाला निदान पाव पुस्तक द्या. त्यापेक्षा कमी दिलंत तर आजी पुन्हा चौकट.

## ९. खर्डा झाल्यावरची तपासणी

हा क्रम पाळा, कारण आधीची दुरुस्ती नंतरचं काम वाचवते.

आधी फक्त वर्तमानातली प्रकरणं सलग वाचा. त्यांची स्वतःची गोष्ट होते का? पहिल्या आणि शेवटच्या प्रकरणातली आजी वेगळी आहे का? मग फक्त भूतकाळ सलग वाचा, शेजारी तारखांचा तक्ता ठेवून. वय, ऋतू आणि अंतरं जुळतात का ते बघा. बर्माच्या वाटेवर मे महिन्यात पाऊस सुरू झाला की चालण्याचा वेग, चिखल, रोग सगळंच बदलतं. तुमच्या प्रकरणांत तो बदल दिसतो का?

त्यानंतर कठोर चाचणी. आजीची सगळी पानं मनातल्या मनात काढून टाका. युद्धाची गोष्ट जशीच्या तशी उभी राहिली तर दोनच मार्ग आहेत: टप्पा दोनवर परत जा, नाहीतर आजीला सन्मानाने निरोप देऊन सरळ युद्धकाळाची कादंबरी लिहा. दुसरा मार्ग कमीपणाचा नाही. अर्धवट आजीपेक्षा तो केव्हाही बरा.

संवाद मोठ्याने वाचा. आजी आणि नात एकाच लयीत बोलत असतील तर आजीची वाक्यं तोडा. म्हातारी माणसं मधेच थांबतात, विषय सोडतात आणि दहा मिनिटांनी तोच धागा पुन्हा उचलतात.

"भयाण", "रक्तरंजित", "हृदय पिळवटून टाकणारं" अशी विशेषणं शोधून खोडा. खोडल्यावर वाक्य रिकामं वाटलं तर तिथे तपशील कमी आहे, विशेषण नव्हे. पहिल्या रकान्याकडे जा आणि एक वस्तू आणा.

शेवटी खर्डा दोघांना वाचायला द्या: एक तो काळ आणि ती जागा जाणणारा, आणि एक ज्याला त्यातलं काही ठाऊक नाही असा. पहिल्याला चुका विचारा. दुसऱ्याला एवढंच विचारा की आजी कुठे खोटं बोलते आहे असं वाटलं. त्याने बोट ठेवलेली पानं आणि तुमच्या वहीतला तिसरा रकाना जुळतात का ते ताडून बघा. जुळत नाहीत ती प्रकरणं पुन्हा लिहायला घ्या.